उलटली का?

गुळवंचच्या गयाबाई भाबड
गव्हाणीच्या दगडावर चुन्याने रेघा ओढतात.
आज सोळावी.
ठिपकी तीनदा उलटलीय.
चौथ्यांदा उलटली तर घोटीचा बाजार,
हे त्यांनी मला सांगितलेलं नाही.
खुंटीवर नवं दावं दिसलं म्हणून विचारलं,
तर म्हणाल्या, असंच आणलं.
गाय विकताना जुनं दावं घरात ठेवून घेतात,
एवढं मलाही कळतं.

सोळा दिवसांपूर्वी पहाटे त्यांचा फोन:
"मॅडम, वाहतेय. काच आहे नुसती, काच."
शेपटीला सोट लोंबत होता, खरंच काचेचा.
मी भांड्याचं झाकण काढलं,
नत्राचं धुकं माझ्या चपलांवर सांडलं.
कांडी कोमट पाण्यात धरून
मनात तीसपर्यंत मोजलं.
कांडीवर बैलाचा नंबर होता.
त्या बैलाने गुळवंच पाहिलेलं नाही.

तेव्हापासून आत काय चाललंय
ते मला पुस्तकातून माहीत,
ठिपकीला अंगातून.
बीज सुटलं त्या जखमेतच
एक पिवळा गोळा धरला, सुपारीएवढा,
आणि रक्तातून एकच निरोप फिरवत राहिला:
दम धरा, अंथरूण घालून ठेवा,
कुणी यायचं आहे.
गर्भाशय थोडे दिवस ऐकतं.
मग त्याचाच धीर सुटतो.
कोण आलं? दाखवा की.
उत्तर नसेल तर ते उलटा निरोप धाडतं,
एकदम नाही, हिसक्याहिसक्याने,
आणि पांढऱ्या पेशी कामाला येतात.
निफाडकडे जुनी द्राक्षबाग मोडतात तशा:
आधी पाणी बंद,
मग तारा सोडायच्या, अँगल उपटायचे,
आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही.
चार दिवसांत पिवळ्याचा मागमूस राहत नाही.
पुन्हा माज. पुन्हा हंबरणं. पुन्हा फोन.

पण कुणी असेल तर?

असेल तर आज तो वीतभर दोरा आहे.
काळीज अजून धरलेलं नाही,
तोंड तर नाहीच.
निम्मा ठिपकीचा, निम्मा परका.
ज्या पहारेकऱ्यांनी त्याला हाकलायचं
त्यांच्याच भाषेत तो बोलतो.
इंटरफेरॉन.
विषाणू शिरला की आपली एक पेशी
शेजारणीला जी हाळी देते,
बाई गं, कुणीतरी आलंय, कडी लाव,
तीच हाळी हा देतो, थोड्या वेगळ्या उच्चारात:
मी आलोय. कडी लाव.
परीक्षेच्या आदल्या रात्री हे वाचलं
आणि मी पुस्तक मिटून
बराच वेळ होस्टेलच्या गॅलरीत उभी होते.
दुसऱ्या दिवशी तो प्रश्न आला नाही.

एकविसाव्या रात्री दुसऱ्या गावाहून परतताना
मी मुद्दाम गुळवंचकडे वळले.
मुसळगावची पाळी सुटली होती,
रस्त्यावर मोटारसायकलींची रांग.
गयाबाई गोठ्यात बाजेवर,
हंबरेल म्हणून कान लावून.
ठिपकी रवंथ करत होती,
दुसरा कसला आवाज नव्हता.
"गप्प आहे. म्हणजे फळली ना?"
मला खोटं बोलता आलं असतं.
म्हटलं, मुका माजही असतो मावशी,
गाय माजावर येते आणि कळूच देत नाही.
त्या बॅटरी माझ्या तोंडावर धरून म्हणाल्या,
"तुमच्या पुस्तकात गप्प बसण्याचे
अर्थ तरी किती आहेत?"

मी चहा घेतला.
साखर जास्त होती, बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात लसीकरणाला गेले
तेव्हा गव्हाणीवर अठ्ठावीस रेघा होत्या,
शेवटच्या दोन कोळशाच्या.
फाटकाचं निखळलेलं दार
नव्या दाव्याने बांधलं होतं,
तीन गाठी मारून.
साठाव्या दिवशी हात घालून बघेन.
तोवर मला कुणी काही विचारू नये.